भांडणाचं इंग्रजी

अहो,

तुमच्या शोकसभेत सगळ्यांनी मिळून माझी चांगलीच पंचाईत केली. कंपनीच्या कॅन्टीनमागच्या शेडमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या, तुमच्या फोटोला झेंडूचा हार होता, आणि एकेक जण उठून तुम्हाला संत करून टाकत होता. कोणी म्हणालं शांत माणूस, कोणी म्हणालं मितभाषी. तुमच्या शिफ्टचा रामसजीवन तर डोळे पुसत म्हणाला, "भाभीजी, साहब ने कभी किसी से ऊँची आवाज़ में बात नहीं की." मी मान हलवली. दुसरं काय करणार? भर सभेत उठून सांगायचं का, की हा शांत माणूस माझ्याशी तीसेक वर्षं कडाकडा भांडला आणि तेही इंग्रजीत?

म्हणून हे लिहायला बसले आहे. तुम्ही जाऊन महिना होत आला. जन्म कुठला, शिक्षण किती, नोकरी कधी लागली, ते सगळं सभेत सांगून झालं. आपल्या भांडणांचं राहिलं, आणि ते माझ्याशिवाय कोणाला माहीत नाही. प्राजूला थोडं माहीत होतं, तेही अर्धवट. त्या अर्धवटपणानं केवढा घोटाळा केला, तेही तुम्हाला सांगायचं आहे.

प्राजू सभेत रडली नाही. पहिल्या रांगेत ताठ बसली होती. एकुलती एक लेक, आणि बापासाठी डोळ्यांतून टिपूस नाही, म्हणून मागच्या बायका कुजबुजत होत्या. स्मशानातून सगळे आले तेव्हाही नाही, दहाव्यालाही नाही. कारण मला ठाऊक होतं. तिच्या मनात एक इंग्रजी शब्द रुतून बसला होता आणि तो तुम्हीच बोलून गेला होतात.

पण सुरुवातीपासून सांगते. तुम्हाला माहीत असलेलंही सांगते, कारण आता मधे बोलून माझं बोलणं तोडायला तुम्ही नाही आहात.

मी बार्शीची, तुम्ही माकुणसारचे. लग्न होऊन बोईसरला आले तेव्हा आपल्याकडे एक खोली, तिच्यामागे चिंचोळं स्वयंपाकघर आणि खोलीच्या मधोमध एक जाड पडदा. पडद्यापलीकडे तुमच्या आई. आई मनानं चांगल्या, पण घरात कोणाचाही आवाज चढला की तो आपल्यामुळेच चढला असं त्यांना वाटायचं. आपण उशीच्या अभ्र्यावरून भांडत असू नाहीतर सिनेमाच्या वेळेवरून, पाच मिनिटांत आई पिशवी भरून दारात उभ्या. "मी जाते माकुणसारला. तुमी राहा सुखानं. मी नाय कोनाच्या मदे." मग तुम्ही पिशवी ओढायची, मी पाया पडायचं आणि भांडण राहायचं बाजूलाच. नव्या नवरीला मनसोक्त भांडताही येऊ नये, याच्यासारखा जाच नाही.

उपाय तुम्ही काढलात. एका रविवारी आई जपमाळ घेऊन बसल्या असताना माझ्याजवळ येऊन हळूच म्हणालात, "फ्रॉम टुडे, वुई फाइट इन इंग्लिश." मला वाटलं गंमत करताय. पण तुमचा चेहरा गेटवर पास दाखवताना असतो तसा गंभीर होता.

तुमचं इंग्रजी काय होतं, तेही लिहूनच टाकते. शाळा मराठी, त्यानंतर पालघरला आयटीआय, मग एमआयडीसीतल्या औषधांच्या कारखान्यात ऑपरेटर. तिथे शाबासकी मिळायची ती मराठीत नाहीतर हिंदीत, आणि बोलणी बसायची ती इंग्रजीत. त्यामुळे तुम्हाला इंग्रजीत दोन गोड वाक्यं बोलता येत नव्हती, पण माणसाचा दोष सांगायचे शब्द तुमच्याकडे पोत्यानं होते. मी इतिहासाची बी.ए. मी हे शब्द वाचले होते, कोणाच्या अंगावर टाकले नव्हते. म्हणजे तुम्ही बोलत होतात ते इंग्रजी मला लिहिता येत होतं आणि मी वाचलं होतं ते तुम्हाला बोलता येत होतं. जोडी बरी जमली.

पहिलं भांडण दुधाचं. दूध उतू गेलं आणि तुम्ही पेपरमधून डोकं वर काढून म्हणालात, "यू आर निग्लिजंट."

"केअरलेस म्हणा. निग्लिजंट काय? तेच ते, फक्त मोठं."

"तेच ते नाही," तुम्ही घाईघाईनं मराठीवर आलात. "केअरलेस म्हणजे लक्ष नव्हतं. कोणाचंही जातं. निग्लिजंट म्हणजे लक्ष ठेवणं हेच ज्याचं काम, त्यानं नाही ठेवलं. आणि रेकलेस म्हणजे दूध वर येताना दिसतंय, तरी म्हणतो, येऊ दे."

"मग दुधावर लक्ष ठेवायची नेमणूक माझ्या एकटीची झाली आहे का? तुम्ही शेगडीपासून हातभर अंतरावर बसला आहात. ऑर्डर दाखवा."

तुम्ही विचार केलात. खरंच केलात, हे मला आजही आवडतं. मग उठून ओटा पुसायला घेतलात आणि म्हणालात, "वुई आर बोथ केअरलेस." आमच्याकडे बार्शीला बाप्यांनी भांडणात हार मानलेली मी पाहिली नव्हती. त्या दिवशी मला वाटलं, या माणसाशी जमेल.

हे फरक तुम्ही पुस्तकातून शिकला नव्हतात. प्लांटमध्ये काही बिघडलं की साहेबाच्या तोंडून कुठला शब्द पडतो यावर माणसाचं पुढचं सगळं ठरायचं. केअरलेस म्हटलं की बोलणी खाऊन पुन्हा कामावर. निग्लिजंट म्हटलं की मेमो. रेकलेस म्हटलं की गेटबाहेर. तुमच्याच बरोबरीच्या एकाला शेवटच्या शब्दावर घरी पाठवलं होतं. त्यानं व्हॉल्व्ह बंद करायचा तो विसरून उघडा ठेवला होता. "विसरला गं तो," तुम्ही मला कितीदा तरी सांगितलंत. "विसरणं वेगळं आणि माजानं करणं वेगळं. चुकीच्या शब्दानं माणूस मेला." तेव्हापासून तुम्ही शब्द उचलण्याआधी तो हातात धरून बघायचात. भाजीवाल्याच्या तराजूवर तुमचा कधी विश्वास नव्हता, पण या वजनांवर होता.

आणि मला यात काय मिळालं? मला 'यू' मिळालं. मराठीत मी तुम्हाला अहो-जाहो करणार आणि तुम्ही मला अगं-तुगं. "तुम्ही आडमुठे आहात" असं म्हणताना जीभ अडखळते. शिवीला मान जोडल्यासारखं वाटतं. "यू आर स्टबर्न" म्हणायला काहीच लागत नाही. मी यू, तुम्हीही यू. पहिल्यांदा तोंडावर म्हटलं तेव्हा इतकं मोकळं वाटलं, की दुसऱ्या दिवशी उगीचच एक भांडण उकरून काढलं.

मग नियम झाला. भांडताना कोणी चुकीचा शब्द वापरला की भांडण थांबवायचं, शब्दाचा निकाल लावायचा आणि मग पुढे. बहुतेक वेळा निकाल लागेपर्यंत मूळ भांडणाचा जीव गेलेला असायचा. रविवारी तुम्ही लुंगीवर दुपारपर्यंत लोळत पडलात, मी म्हटलं, "लेझी." तुम्ही एक डोळा उघडून म्हणालात, "आय अ‍ॅम आयडल. मशीन बंद नाही, नुसतं काम लावलेलं नाही. त्याला कोणी लेझी म्हणत नाही." मी लगेच काम लावलं. माळा आवरून घेतला. मग संध्याकाळी तुम्ही मला 'क्रुएल' म्हणालात, त्यावर मी तुम्हाला डिक्शनरी काढून दाखवली, की समोरच्याला दुखावं म्हणूनच जो दुखावतो तो क्रुएल. माळ्यावरची धूळ मी मुद्दाम नव्हती पसरवली. तुम्ही 'हार्श'वर तडजोड केलीत. मी तेवढं मान्य केलं.

दांडीहून मासळीची टोपली घेऊन येणारी मावशी एकदा दारातच थबकली होती. "कोन साहेब आलाय काय घरात?" आई आतून म्हणाल्या, "साहेब कशाला येतोय? माजाच पोरगा हाय. बायकोशी विंग्रजी भांडतोय." आपण दोघं गारच पडलो. इतके दिवस आपल्याला वाटत होतं, आईंना पत्ता नाही. आई पुढे म्हणाल्या, "विंग्रजीत भांडता, पन टोपां मराठीतच आपटता. मना काय कळत नाय?" पण त्यांनी पिशवी भरली नाही. शब्द कळत नव्हते, म्हणजे ते आपल्यासाठी नव्हेत, एवढं त्यांनी ठरवून टाकलं होतं. सासूबाईंचं हे शहाणपण माझ्या उशिरा लक्षात आलं.

पडद्यापलीकडे आणखी एक जण ऐकत होती, ते मात्र आपण दोघंही विसरलो. प्राजू आजीच्या कुशीत झोपायची. तिला शब्द कळत नव्हते, सूर कळायचा. कुठल्या शब्दाला आई किंचाळते, कुठल्या शब्दानंतर बाबा गप्प होतात, यावरून तिनं आपल्या मनानं एकेकाचे अर्थ लावले होते. चौथीत असताना शाळेतून रडत आली. एका मुलीनं तिची पेन्सिल तोडली होती. "मग तू काय केलंस?" मी विचारलं. म्हणाली, "मी तिला मिसअंडरस्टँडिंग म्हटलं!" तिच्या लेखी ती घरातली सगळ्यात जहाल शिवी होती. आणि का नसावी? तो शब्द मी नेहमी टाहो फोडूनच उच्चारायचे. आपण पोट धरून हसलो, आणि तिला बरोबर अर्थ सांगायचं राहूनच गेलं.

आता त्या भांडणाकडे येते. प्राजू सहावीत होती. कंपनीनं तुम्हाला गुजरातच्या नव्या प्लांटमध्ये शिफ्ट इन्चार्ज म्हणून बोलावलं आणि तुम्ही मला न विचारता नाही सांगून आलात. आई येणार नाहीत, माकुणसार सुटेल, हे तुमचं कारण मला पटलंही असतं. पण तुम्ही विचारलं नाहीत. मला दुसऱ्याच कोणाकडून कळलं. त्या रात्री मी आवाज चढवला नाही. ओट्याशी उभी राहून एवढंच म्हटलं, "आय अ‍ॅम डिसअपॉइंटेड इन यू."

तुम्ही शर्ट चढवलात, चपला घातल्यात आणि गेलात. पहिल्यांदाच आईंऐवजी तुम्ही माकुणसारला गेलात. आई म्हणाल्या, "येल. वाडीत दोन दिस पानी लावल नि येल." प्राजूनं काही विचारलं नाही. मला वाटलं, तिला झोप लागली असेल.

तुम्ही परत आलात तेव्हा भर दुपार होती. हातात वाडीतल्या वांग्यांची पिशवी. प्राजू शाळेत, आई शेजारी. तुम्ही पिशवी ओट्यावर ठेवलीत आणि म्हणालात, "डिसअपॉइंटेड म्हणालीस म्हणून आलो. होपलेस म्हणाली असतीस तर तिथेच राहिलो असतो."

मी विचारलं, "फरक काय?"

"होपलेसकडून कोणी काही मागत नाही," तुम्ही म्हणालात. "तू अजून मागते आहेस." आणि मग, मान खाली घालून, मराठीत, "विचारायला हवं होतं मी."

तुमच्या तोंडून मला मिळालेलं हे सगळ्यात सुंदर वाक्य आहे. लोकांच्या नवऱ्यांनी काय काय म्हटलेलं असतं. मला हे पुरलं. त्या दिवशी मी वांग्याचं भरीत केलं आणि आपण चौघं पोटभर जेवलो. प्राजूनं फक्त एवढंच पाहिलं, की बाबा परत आले आहेत. का आले, ते तिला कोणी सांगितलं नाही.

आई गेल्या, पडदा काढला, पुढे दोन खोल्यांचं घर झालं. आता कोणापासून लपवायचं नव्हतं. एकदा आपण ठरवून मराठीत भांडून बघितलं, आठवतं? विषय काय होता ते मी विसरले. दोन वाक्यांत माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि तुम्ही खिडकीकडे तोंड केलंत. मराठी फार आत जाऊन लागते. आपण निमूटपणे इंग्रजीवर परत आलो, आणि ते बरंच केलं.

बाहेरच्यांशी तुम्ही असं कधीच भांडला नाहीत. रामसजीवन म्हणाला ते खोटं नव्हतं. ज्याच्याशी पटत नाही त्याच्याशी तुम्ही बोलणंच थांबवायचात. इंग्रजी माझ्यासाठी राखून ठेवलेलं होतं. आणि मग एके दिवशी तुम्ही ते प्राजूसाठी वापरलंत.

तिनं फार्मसीचं शेवटचं वर्ष सोडलं आणि केळव्याला मैत्रिणीबरोबर खानावळ काढली, ही बातमी तिनं फोनवर दिली. तुमचं स्वप्न मला माहीत होतं. ज्या कारखान्यात तुम्ही आयुष्यभर खाली उभे राहून वरच्या काचेकडे बघितलंत, त्या काचेमागच्या लॅबमध्ये तुम्हाला तिला पांढऱ्या कोटात बघायचं होतं. मी बाजूलाच उभी होते. तुम्ही तिचं सगळं ऐकून घेतलंत. मग आवाज खाली आणून म्हणालात, "आय अ‍ॅम डिसअपॉइंटेड, प्राजू." पलीकडून फोन ठेवला गेला.

मला एकदम भरून आलं, कारण तुम्ही तिच्याशी पहिल्यांदाच इंग्रजीत भांडला होतात. तुम्ही तिला माझ्या बरोबरीला आणून बसवलं होतं. शिवाय शब्दही तोच निवडला होतात, ज्यानं तुम्ही स्वतः घरी परत आला होतात. पण हे तिला कसं कळावं?

मी तुम्हाला तेच म्हटलं. "फोन करा. मराठीत सांगा तिला."

"कळतं तिला. आपल्याच घरात वाढली आहे."

"तिनं शब्द ऐकलेत, अर्थ नाही ऐकले. धिस इज अ‍ॅरोगन्स."

"नो. धिस इज ट्रस्ट. येईल ती."

त्या वादाचा निकाल लागायचा राहिला. आपण तो पुन्हा पुन्हा काढत होतो आणि तुम्ही दर वेळी तेच म्हणत होतात, येईल ती. दारात स्कूटर थांबली की पेपर खाली करून बघायचात आणि मी बघितलं की पुन्हा वर धरायचात. मी फोन करून तिला सांगू का विचारलं, तर म्हणालात, माझं भांडण आहे, तू मधे पडू नकोस. मी पडले नाही. आपल्या भांडणात आपण कोणाला पडू दिलं नव्हतं, मग तुमच्या दोघांच्या भांडणात मी कशी पडणार? आणि मग एका सकाळी चहाचा कप ठेवता ठेवता तुम्ही गेलात. डॉक्टर यायच्या आधीच. त्याबद्दल मी इथे काही लिहिणार नाही. तुम्ही तिथे होतात आणि मीही होते.

तेरावं झालं, पाहुणे पांगले. प्राजू केळव्याला गेली आणि पुढच्या सोमवारी आली. सोमवारी तिची खानावळ बंद. शनिवार-रविवारचे पर्यटक गेलेले असतात. येताना सातपाटीहून कोळंबी घेऊन आली होती. आम्ही दोघी ओट्याशी उभ्या. मी नारळ खवत होते, ती कोळंबी सोलत होती. तुम्ही तिला काम करताना बघायला हवं होतं. बोलताना हात थांबत नाहीत, साल एका झटक्यात, मधला काळा दोरा अलगद बाहेर. लॅबमध्ये जो नेटकेपणा तुम्हाला हवा होता, तो तिच्या हातात आहेच. फक्त समोर कोळंबी आहे.

मान वर न करता ती म्हणाली, "आई, बाबा क्रुएल होते ना गं?"

मी नारळाची वाटी खाली ठेवली. "शब्द चुकला तुझा."

"मग काय म्हणू? ज्या माणसानं एका वाक्यात पोरीला सोडून दिलं, त्याला काय म्हणतात?"

"कधी सोडलं तुला?"

"डिसअपॉइंटेड म्हणाले ना. या घरात तो शब्द बोलला की माणूस निघून जातो. मी ऐकलंय. जागी होते मी तेव्हा. तू म्हणालीस आणि बाबा चपला घालून गेले. मला वाटलं, आता परत येणारच नाहीत." तिचा आवाज सहावीतल्या मुलीसारखा झाला होता. "तोच शब्द मला म्हणाले. मग मी कशाला येऊ? मला कळलं ना, की माझं नाव काढून टाकलं."

अहो, मी बरोबर होते. तुमच्याशी घातलेला तो शेवटचा वाद मी जिंकले. असं जिंकायचं नव्हतं मला.

मी तिला दुसरी अर्धी गोष्ट सांगितली. वांग्यांची पिशवी, भर दुपार, तुम्ही काय म्हणालात, मी काय विचारलं, तुम्ही मान खाली घालून काय सांगितलंत. शब्दाला शब्द सांगितलं, कारण यात पदरचं काही घालायचा मला अधिकार नव्हता. सांगता सांगता माझ्या लक्षात आलं, की हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. ते मी फक्त माझ्यासाठी ठेवलं होतं. आज ते तिला दिलं आणि माझं काहीच कमी झालं नाही, उलट हलकं वाटलं.

तिचे हात थांबले. तिनं ते नळाखाली धरले.

"म्हणजे ते मला परत बोलावत होते?"

"हो."

"आणि वाट बघत होते?"

"रोज. स्कूटर थांबली की पेपर खाली."

मला वाटलं, आता रडेल. तिला राग आला. नाकपुड्या तुमच्यासारख्या फुगल्या आणि आवाज तुमच्यासारखा खाली गेला. "मग फोन का नाही केला? एक फोन! सरळ सांगायचं, प्राजू, ये, बोलू. मला काय माहीत तुमच्या दोघांचं काय ठरलंय ते? मला शब्द एकच दिला आणि अर्थ स्वतःजवळ ठेवला. हे बरोबर आहे का आई? तू सांग, हे बरोबर आहे का?"

"नाही," मी म्हटलं. "बरोबर नाही. मी त्यांना तेच सांगत होते."

तुमची बाजू घेतली नाही, याबद्दल माफी मागणार नाही. तुम्ही असतात तरी घेतली नसती.

तिनं पदरासारखी ओढणी खोचली, हात पुसले आणि बाहेरच्या खोलीत तुमच्या फोटोसमोर जाऊन उभी राहिली. मी स्वयंपाकघराच्या दारातच थांबले. तिनं फोटोकडे सरळ बघितलं, एकदा घसा साफ केला आणि स्पष्ट, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "बाबा, यू वेअर नॉट क्रुएल. यू वेअर अनफेअर."

आणि मग ती रडली. इतके दिवस कोंडलेलं सगळं, भिंतीला टेकून, जमिनीवर बसून रडली. मी तिच्याजवळ गेले नाही. ते भांडण तुमच्या दोघांचं होतं आणि तुम्हीच मला मधे पडू नकोस म्हणून बजावलं होतं. कोळंबी झाकून ठेवली, भाताखालचा गॅस बारीक केला आणि तिचं होईपर्यंत थांबले.

शब्द अगदी नेमका होता, अहो. ना गुंजभर जड, ना हलका. तुमची नक्कल न करता, तुमच्याच पद्धतीनं तिनं तो हातात धरून बघितला आणि मग उचलला. तुम्ही असतात तर चष्मा काढला असतात, जरा वेळ घेतला असतात आणि मान्य केलं असतंत. ती येईल म्हणालात, ती आली. भांडायला आली, तेही आपल्या भाषेत, आपल्या नियमानं, आणि ऐकायला तुम्ही नव्हतात. तुम्हाला ती अनफेअर म्हणाली ते योग्यच आहे. पण हे जे झालं ना, त्याला दुसरा शब्द नाही. हे क्रुएल आहे.